पिवळं लेबल वाचायला शिका: व्हव्ह क्लिकोशी पहिली ओळख

परदेशातून येणाऱ्या भाच्याने शॅम्पेनची बाटली आणली की बहुतेक मराठी घरांत तिचं ठरलेलं असतं: ती शोकेसमध्ये जाते. काचेच्या हंसाशेजारी, खिडकीतलं ऊन थेट येईल अशा जागी. ‘चांगल्या प्रसंगाला उघडू’ असं सगळेच म्हणतात. प्रसंग येतात, पेढे वाटले जातात आणि बाटली तिथेच उभी राहते. आमच्याकडची चार उन्हाळे उभी होती. उघडली तेव्हा फेस जेमतेम आला आणि वास ओल्या लोकरीचा. कुठल्या कंपनीची होती ते सोडा, दोष शोकेसचा आणि आमचा.

अशा भेटीच्या बाटल्यांमध्ये हमखास दिसणारी एक म्हणजे अंड्याच्या बलकासारख्या पिवळ्या लेबलची व्हव्ह क्लिको. ती हातात आली आहे किंवा विकत घ्यायच्या विचारात आहात, पण ‘महाग, फेसाळ, फ्रेंच’ यापलीकडे तिच्याबद्दल काही ठाऊक नाही, अशांसाठी हा लेख आहे. व्हव्ह क्लिकोच का, तर या घराण्याचा, म्हणजे कंपनीचा, इतिहास बाटलीवरच छापलेला आहे. वाचायला शिकलं की झालं.

आधी बाटली शोकेसमधून काढा

शॅम्पेनचे तीन शत्रू: उजेड, उष्णता आणि सारखं बदलतं तापमान. घरात वाइनचं खास कपाट नसेल तर बाटली मूळ खोक्यात घालून सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. फ्रिजच्या वर ठेवू नका, तिथे मोटारीची गरमी लागते. महिन्या-दोन महिन्यांत उघडायची असेल तर सरळ फ्रिजच्या तळच्या कप्प्यात. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात एवढं तरी कराच.

आणि वर्ष न छापलेली साधी पिवळ्या लेबलची बाटली वर्षानुवर्षं जपू नका. तळघरात जेवढं मुरायचं तेवढं मुरवूनच घराणं ती बाहेर काढतं.

नाव नीट वाचा, कारण नावातच अर्धी गोष्ट आहे

‘व्ह्यूव्ह क्लिकोट’ म्हणू नका. शेवटचा ‘ट’ उच्चारत नाहीत: व्हव्ह क्लिको. ‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. आपल्याकडे हा शब्द कुणी लेबलवर छापला असता का, हा प्रश्न मला पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा पडला होता. तिथे मात्र तो शब्द म्हणजे कायदेशीर ओळख होती. नेपोलियनच्या 1804 च्या नागरी संहितेनुसार विवाहित बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करू शकत नव्हती, आणि लग्न न झालेली मुलगी बापाच्या सावलीत. स्वतःच्या सहीने धंदा चालवायचा मार्ग प्रत्यक्षात बहुतेक करून विधवेलाच मोकळा होता.

घराणं सुरू केलं फिलिप क्लिको यांनी, 1772 साली, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या रँस या शहरात. (स्पेलिंग पाहून आपण ‘रीम्स’ म्हणतो, फ्रेंच माणूस नाकातून ‘रँस’ म्हणतो.) फिलिप मुळात कापडाचे व्यापारी, पेढीही होती, वाइन हा जोडधंदा. त्यांचा मुलगा फ्रान्स्वा याच्याशी 1798 मध्ये बार्ब-निकोल पॉन्सार्दाँ हिचं लग्न झालं. तीही रँसच्या बड्या कापड कारखानदाराची मुलगी. जोडप्याला वाइनचं वेड होतं, पण 1805 मध्ये फ्रान्स्वा तापाने गेला. बार्ब-निकोल 27 वर्षांची, पदरात एक लहान मुलगी.

सासऱ्यांनी धंदा बंद करायचं ठरवलं. तिने त्यांना बंद न करण्यासाठी राजी केलं, आणि नुसत्या होकारावर नाही, त्यांचं भांडवल घेऊन. अट अशी की एका जाणत्या वाइन व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत काम शिकायचं. अलेक्सांद्र फुर्नो यांच्याबरोबरची ती भागीदारी 1810 मध्ये संपली, नफ्याच्या नावाने फारसं काही हाती लागलं नव्हतं. सासऱ्यांनी पुन्हा पैसे घातले. त्याच वर्षी तिने कंपनीला स्वतःचं नाव दिलं: व्हव्ह क्लिको-पॉन्सार्दाँ. सासरचं आणि माहेरचं, दोन्ही. लेबलवर आजही पूर्ण नाव तेच आहे, दुकानदार आणि आपण अर्धंच म्हणतो.

नावाबद्दल एक सावधगिरीची सूचना. तिचं बस्तान बसल्यावर ‘व्हव्ह’ हा शब्दच बाजारात चालू लागला. आज फ्रान्समध्ये ‘व्हव्ह अमुक’, ‘व्हव्ह तमुक’ नावाच्या बऱ्याच स्पार्कलिंग वाइन मिळतात, त्यांपैकी कितीतरी शॅम्पेन प्रदेशातल्या नसतातच. त्या वाईट असतात असं नाही, पण शॅम्पेनच्या भावाने घेऊ नका. लेबलवर ‘शॅम्पेन’ हा शब्द स्पष्ट हवा, आणि बूच काढल्यावर बुचावरही तो छापलेला दिसला पाहिजे.

मग धूमकेतू, नांगर आणि झाकणावरची आजी शोधा

लेबल बारकाईने पाहिलं तर एक तारा आणि जहाजाचा एक नांगर दिसतो. नांगर घराण्याची जुनी खूण, आशेचं ख्रिस्ती प्रतीक. तारा म्हणजे 1811 चा धूमकेतू. तो महिनोन्‌महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, आणि त्या वर्षी द्राक्षांचं पीक असं आलं की युरोपभर ती ‘धूमकेतूची वाइन’ म्हणून गाजली. वाइन उत्तम, पण विकायची कुठे? युद्ध चालू, समुद्र बंद, आणि सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक असलेल्या रशियाच्या झारने बाटलीबंद फ्रेंच वाइनवर बंदी घातलेली.

1814 च्या वसंतात नेपोलियन पडला. बाकीचे व्यापारी परवाने आणि करार होण्याची वाट पाहत थांबले होते तेव्हा मादाम क्लिको आणि त्यांचे फिरते विक्रेते लुई बोन यांनी गुपचूप एक डच जहाज भाड्याने घेतलं. त्यावर 10,550 बाटल्या आणि बोन स्वतः, मुक्काम क्योनिग्सबर्ग, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राद. उन्हाळ्यात, समुद्रावर, गरम पेटाऱ्यात फेसाळ वाइन. निम्म्या फुटल्या असत्या तरी कुणाला नवल वाटलं नसतं. बाटल्या नीट पोचल्या आणि बोन यांच्या खोलीच्या दारात गिऱ्हाइकं भांडू लागली. पुढे रशियात या वाइनचं नावच ‘क्लिकोव्हस्कोए’ पडलं. लेबलवरचा तो छोटा तारा म्हणजे या एका जहाजाची गोष्ट आहे असं मी तरी समजतो.

आता बुचावरची तारेची जाळी आणि तिच्या डोक्यावरची पत्र्याची टिकली पाहा. त्यावर टोपी घातलेली, गंभीर चेहऱ्याची एक वयस्कर बाई आहे. त्याच या मादाम क्लिको. लेओं कॉन्ये या चित्रकाराने त्यांचं म्हातारपणीचं चित्र काढलं होतं, ओळख त्यावरून राहिली. 1866 मध्ये त्या वारल्या तेव्हा 88 वर्षांच्या होत्या, म्हणजे 60 हून अधिक वर्षं वैधव्यात. टिकल्या जमवणारे शौकीन फ्रान्समध्ये पैशाला पासरी आहेत, तेव्हा तुमचीही टाकू नका.

त्यांचं सगळंच सोनं झालं असं मात्र नाही. बँकिंगमध्ये घातलेला हात चांगलाच पोळला, आणि 1828 च्या संकटात एदुआर व्हेर्ले या तरुण सहकाऱ्याने स्वतःची पत पणाला लावून घराणं वाचवलं. पुढे तोच भागीदार आणि वारस झाला. पोटची मुलगी होती, नात होती, पण धंदा दिला काम येणाऱ्याला. आपल्याकडच्या किती पेढ्यांनी हे धाडस केलं असतं?

एक टेबल समजून घ्या, म्हणजे शॅम्पेन समजेल

हा भाग जरा लांबतो, पण इथे घाई केलीत तर पुढची चव हाती लागणार नाही.

शॅम्पेन दोनदा आंबवतात. आधी द्राक्षाच्या रसाची साधी, बिनफेसाची, बरीच आंबट वाइन होते. वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या द्राक्षांच्या अशा वाइनचं मिश्रण करतात. मग ते बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद. बंद बाटलीत पुन्हा आंबवण होतं, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. हाच तो फेस. काम संपलं की यीस्ट मरून तळाशी बसतं, आणि बाटली त्या गाळासकट महिने-वर्षं पडून राहते. शॅम्पेनला पावाचा, भाजक्या बदामाचा जो वास येतो तो या गाळाचा.

पण गाळ काढायचा कसा? बाटली उघडून दुसऱ्या भांड्यात ओतली तर फेस गेला. न काढावा तर वाइन गढूळ. 1800 च्या सुमाराचे व्यापारी यातच वेळ आणि माल घालवत होते.

म्हणतात की मादाम क्लिकोंनी स्वयंपाकघरातलं टेबल तळघरात नेलं आणि त्याला भोकं पाडून घेतली. भोकात बाटली मान खाली करून तिरपी अडकवायची, दर दिवशी थोडी गिरकी द्यायची, थोडी आणखी उभी करायची. काही आठवड्यांत सगळा गाळ घसरत बुचापाशी येतो. मग बूच काढलं की दाबाने गाळ बाहेर, वाइन आत. घराणं या युक्तीचं साल 1816 सांगतं. तळघराचे प्रमुख आंत्वान म्यूलर यांचाही त्यात हात होता. हे ‘रम्युआज’ आज बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात, बाटलीची मान गोठवून गाळाची गोळी उडवतात, पण तत्त्व तेच. शेजारच्या घराण्यांना ही युक्ती कळेपर्यंत क्लिकोची वाइन काचेसारखी नितळ आणि बाकीच्यांची ढगाळ, असे काही सुखाचे दिवस गेले.

दुसरी खूण गुलाबी शॅम्पेनची. त्या काळी पांढऱ्या वाइनला एल्डरबेरी या काळसर रानफळाच्या रसाने रंग देत. 1818 मध्ये मादामनी बूझी या गावची लाल वाइन पांढऱ्यात मिसळून रोझे केली. आजही शॅम्पेनमधल्या बहुतेक रोझे याच रीतीने होतात.

लेबलवरचा ‘ब्रूत’ आणि इतर फसवे शब्द

गाळ काढल्यावर जी तूट येते ती भरताना वाइनमध्ये थोडी साखर घालतात. ती किती, हे लेबलवर एका शब्दात सांगितलेलं असतं, आणि तो शब्द नवख्याला हमखास चकवतो. ‘ब्रूत’ म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ब्रूत’ म्हणजे 6 पर्यंत. इथवर ठीक. पण ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे 12 ते 17, म्हणजे ब्रूतपेक्षा गोड! ‘सेक’चा शब्दार्थ कोरडी, पण 17 ते 32 ग्रॅम. ‘दमी-सेक’ 32 ते 50, आणि ‘दू’ त्याच्याही पुढे. हे शब्द ठरले तेव्हाची शॅम्पेन मुळात पाकासारखी होती, म्हणून तेव्हाची ‘कोरडी’ आजची गोड.

पाकासारखी म्हणजे किती, याचा पुरावा समुद्रातून निघाला. 2010 मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ सुमारे 50 मीटर खोल बुडालेल्या जहाजात पाणबुड्यांना शॅम्पेनच्या 168 बाटल्या मिळाल्या. काही क्लिकोच्या होत्या, लेबलं केव्हाच विरघळलेली, ओळख पटली ती बुचावरच्या शिक्क्यांवरून. सुमारे 170 वर्षं थंड, अंधाऱ्या पाण्यात राहिलेल्या त्या वाइनचं पृथक्करण केलं तर साखर निघाली लिटरला 150 ग्रॅमच्या आसपास. 2011 च्या लिलावात त्यातली क्लिकोची एक बाटली 30,000 युरोंना गेली. गंमत अशी की समुद्राच्या तळाने ते जपलं जे आमच्या शोकेसला चार वर्षं जपता आलं नाही.

आणि पिवळा रंग? इंग्रज गिऱ्हाइकाला कमी गोड वाइन हवी होती. गोड बाटल्या पांढऱ्या लेबलच्या, म्हणून कोरडीला वेगळा रंग. 1877 मध्ये तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला गेला. फ्रेंचमध्ये ही बाटली ‘कार्त झोन’, म्हणजे पिवळं कार्ड. तेव्हा तो रंग म्हणजे सजावट नव्हे, ‘ही गोड नाही’ असं सांगणारी पाटी आहे.

लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘एनएम’ दिसेल. अर्थ असा की घराणं स्वतःच्या मळ्यांबरोबर इतर शेतकऱ्यांकडूनही द्राक्षं घेतं. ‘आरएम’ असेल तर शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांची केलेली. पहिल्या बाटलीला यात जास्त शिरू नका.

घराण्याची गायकी ओळखा

शॅम्पेनच्या कंपनीला फ्रेंचमध्ये ‘मेझाँ’, म्हणजे घर म्हणतात. मराठीत त्याला ‘घराणं’च म्हणावं, आणि गाण्यातल्या अर्थानेच. गायक बदलतात, मैफल बदलते, पण दोन आवर्तनांत जाणकार सांगतो की हे अमुक घराण्याचं. साध्या पिवळ्या लेबलचं काम हेच: पाऊस कसाही पडो, द्राक्षं कशीही येवोत, दर वर्षी क्लिकोच वाटली पाहिजे.

या गायकीचा षड्ज म्हणजे पिनो न्वार. हे काळं द्राक्ष, पण साल लगेच वेगळी केल्याने रस पांढराच निघतो. पिवळ्या लेबलमध्ये ते निम्म्याहून थोडं अधिक, शार्दोने हे पांढरं द्राक्ष एकूण मिश्रणाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत, आणि उरलेलं म्युनिए हे दुसरं काळं द्राक्ष. पिनो न्वार अंग देतं, भरदारपणा देतं. शार्दोने लिंबासारखी धार देतं. म्युनिए कडा गोल करतं. व्हेर्झने, बूझी या पिनोच्या नामांकित गावांत घराण्याचे मळे आहेत, मादामच्या काळापासून.

दुसरं अंग राखीव वाइनचं. दर वर्षीच्या काही वाइन न विकता, गावागणिक आणि वर्षागणिक वेगळ्या टाक्यांत ठेवून देतात. नवीन वर्षाचं मिश्रण करताना तळघराचे प्रमुख (2019 पासून दिदिए मारियोती) त्यातून निवडतात. पिवळ्या लेबलमध्ये साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, असा जुन्या वाइनचा असतो. मुरलेल्या लोणच्याचा चमचाभर खार नव्या बरणीत घालणाऱ्या आज्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

वर्ष छापलेली बाटली, म्हणजे ‘व्हिंटेज’, वेगळी. ती एकाच वर्षाच्या पिकाची, चांगल्या वर्षीच काढलेली आणि कायद्याने किमान तीन वर्षं मुरवलेली. 2008 पासून तिच्यातला छोटा हिस्सा मोठ्या ओकच्या पिंपांत आंबवतात. त्याच्याही वर ‘ला ग्रांद दाम’, मादामच्या टोपणनावाची, घराण्याला 200 वर्षं झाली तेव्हा 1972 मध्ये बाजारात आलेली. अलीकडच्या वर्षांत ती जवळपास सगळी पिनो न्वारची करतात.

माझं स्पष्ट मत: सुरुवात महागड्या बाटलीने करू नका. व्हिंटेजमध्ये त्या वर्षाचं ऊन-पाऊस बोलतं. घराणं ऐकायचं तर पिवळं लेबलच. आणि ‘ते फार कॉमन आहे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती लग्नाच्या मांडवात, प्लास्टिकच्या ग्लासात, कोमट प्यालेली असते.

थंड करा, उघडा, ओता

फ्रिजमध्ये तीन-चार तास, किंवा बादलीत निम्मं पाणी निम्मा बर्फ घालून अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये विसरलात तर फुटेल. ग्लासात 8 ते 10 अंश हवी. त्याहून गार असली तर चव कळत नाही, आणि गरम असली तर बूच तोफेसारखं सुटतं.

बाटलीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून हे शांतपणे वाचा. कागद सोला. अंगठा बुचावर ठेवूनच तारेची कडी सहा अर्ध्या वेढ्यांत सोडवा. जाळी काढायची घाई नको, ती बुचाबरोबरच धरली तरी चालते. बाटली तिरपी करा, तोंड माणसांकडे आणि ट्यूबलाइटकडे नको. आता बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. शेवटी बूच स्वतःच ढकलू लागेल, तेव्हा त्याला उलट दाबून धरा. आवाज यायला हवा तो सुस्काऱ्याचा. मोठा धडाका म्हणजे फेस आणि पैसे दोन्ही सतरंजीवर.

ग्लास: पसरट बशीसारखा जुन्या सिनेमातला नको, फेस लगेच उडतो. उंच नळीसारखा दिसतो छान, पण नाक आत जात नाही. साधा पांढऱ्या वाइनचा, पोटाकडे रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास सगळ्यात बरा. तो साबणाचा अंश न ठेवता धुवा, साबण राहिला तर बुडबुडे मरतात. तिरप्या ग्लासात थोडी ओता, फेस बसू द्या, मग पुन्हा. अर्ध्याच्या वर भरू नका.

पहिला घोट, दुसरा घोट

पहिल्या घोटात फक्त गारवा आणि टोचणारे बुडबुडे कळतात. तो सोडून द्या. दुसऱ्याच्या आधी वास घ्या: आधी सफरचंद, नासपती, लिंबाची साल. दोन मिनिटांनी, ग्लास जरा कोमटला की ब्रेड, थोडं व्हॅनिला, भाजलेला सुका मेवा. तोंडात घेतल्यावर मधल्या भागात ‘भरल्यासारखं’ वाटतं का पाहा, पाणचट नव्हे, वजनदार. ते पिनो न्वार. गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं, ती आंबट धार. साखर असूनही गोड का लागत नाही, याचं उत्तरही तिथेच.

एकट्या बाटलीवरून घराणं कळत नाही, शेजारी दुसरं हवं. मित्र-मैत्रिणींनी वर्गणी काढून क्लिकोशेजारी फक्त शार्दोनेची, म्हणजे ‘ब्लाँ द ब्लाँ’ लिहिलेली शॅम्पेन उघडा. रँसचंच रुईनार हे घराणं (1729, शॅम्पेनमधलं सगळ्यात जुनं) त्यासाठी प्रसिद्ध आहे. एक किराणा घराण्यासारखी, सावकाश उलगडणारी, दुसरी ग्वाल्हेरसारखी, पहिल्या स्वरापासून खुल्या छातीची. कुठली कुठली, ते तुम्हीच ठरवा. बजेट तेवढं नसेल तर नाशिकच्या एखाद्या ब्रूतशेजारी ठेवा. क्लिको ज्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहात आहे त्याच समूहाने नाशिकजवळ दिंडोरीला शाँदों ही स्पार्कलिंग वाइन बनवायला सुरुवात केली. तीही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, पण द्राक्षांत शेनँ ब्लाँ हे वेगळं पांढरं द्राक्ष आणि ऊन दिंडोरीचं. फरक जिभेला लगेच कळतो, आणि तो चांगल्या-वाईटाचा नाही.

सोबत काय? खारट आणि तळलेलं. शॅम्पेनची आंबट धार तेल कापते. रव्यात घोळवलेले बोंबील, सुरमईची तुकडी, साबुदाणा वडा (हिरवी मिरची बेताने), अगदी बटाट्याच्या वेफर्ससुद्धा. मिसळ, कोल्हापुरी रस्सा वगैरे नको, तिखटाने बुडबुडे काट्यांसारखे टोचतात. आणि वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूत हे जगभर चालणारं पण चुकीचं लग्न आहे. गोडापुढे ब्रूत नुसती आंबट लागते. गोडासोबत प्यायचीच असेल तर दमी-सेक घ्या.

उरली तर शॅम्पेनचं खास चिमट्याचं झाकण लावून फ्रिजमध्ये, एक-दोन दिवस. बाटलीच्या तोंडात चमचा ठेवायची युक्ती निरुपयोगी आहे.

जमलं तर रँसला जा

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून वेगवान गाडीने पाऊण तास. आधी कॅथेड्रल पाहा, फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक इथे होत. मग सँ-निकेज टेकडी. घराण्याची भेट आधी इंटरनेटवरून नोंदवावी लागते, आयत्या वेळी जाऊन दार ठोठावलं तर बहुधा परत यावं लागेल. सुगीच्या आणि सुट्टीच्या दिवसांत तर काही आठवडे आधीच नोंदवा.

टेकडीच्या पोटात खडूच्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत, ‘क्रेयेर’. वर अरुंद तोंड, खाली पिरॅमिडसारखी रुंदावत गेलेली पोकळी. क्लिकोची तळघरं अशा खाणी जोडून सुमारे 24 किलोमीटर पसरलेली आहेत. पहिल्या महायुद्धात वर तोफा चालू असताना शहरातली माणसं शॅम्पेनच्या तळघरांत राहत होती. 2015 पासून ही टेकडी, जवळच्या एपर्ने गावातली शॅम्पेन घराण्यांची प्रसिद्ध अव्हेन्यू आणि जुने मळे युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. आत बाराही महिने दहा-बारा अंश असतात, तेव्हा जूनमध्येही स्वेटर न्या. पावलांना ओलसर दगड लागतो, घसरणारी चप्पल नको.

भेटीच्या शेवटी चाखायला देतात. तिथे पिवळ्या लेबलशेजारी व्हिंटेजचा ग्लास असलेला पर्याय घ्या, थोडे पैसे जास्त पडतील.

तिथून बाटली आणायची तर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात स्वेटरात गुंडाळून टाका. भारतात प्रौढ प्रवाशाला शुल्काविना दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाइन आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात. मुंबई-पुण्याच्या दुकानांत आयातकर आणि राज्याचं शुल्क चढून तीच बाटली बरीच महाग पडते, त्यामुळे येणाऱ्या भाच्याला आधीच सांगून ठेवा. महाराष्ट्रात घरी पिण्यासाठीही परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो, आणि वयाची अट राज्यागणिक वेगळी आहे, ती बघून घ्या. बाटली घरी आली की तारीख लिहिलेली चिठ्ठी तिच्या मानेला बांधा, आणि त्या तारखेला प्रसंग असो वा नसो, बोंबील तळायला घ्या.